वॉटर टेम्पलची बाजू

‘झेल्डा’च्या डंजनांची यादी कोणीही लावायला बसू दे, वरच्या जागांसाठी मारामारी होते आणि तळाच्या जागेसाठी बहुतेक वेळा एकच नाव पुढे येते. वॉटर टेम्पल. १९९८ साली आलेल्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’मधले पाण्याखालचे देऊळ. वर्षानुवर्षे हेच चालू आहे. त्या काळी खेळलेली आणि आता पोराबाळांची झालेली माणसे हेच म्हणतात, ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता ती मुले हेच म्हणतात, आणि आता आमच्या घरात तयार झालेल्या यादीतही तेच आले. म्हणून हे लिहायला घेतले. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना रागवायचे आहे त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. वॉटर टेम्पल हे झेल्डातल्या उत्तम डंजनांपैकी एक आहे, आणि त्याला तळाला बसवणाऱ्या याद्या डंजनाचा दर्जा मोजत नाहीत, यादी करणाऱ्याची चिडचिड मोजतात.

नातेवाईक मंडळींपैकी अनेकांना यातले काहीच माहीत नसणार (ताई, तू वाचते आहेस हे मला ठाऊक आहे!), म्हणून थोडी ओळख. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ ही जपानमधल्या क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीची व्हिडिओ गेमची मालिका. पहिला खेळ फेब्रुवारी १९८६ मध्ये आला, शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला. आपण असतो लिंक नावाचा मुलगा. झेल्डा ही राजकन्या. बरेच जण त्या मुलालाच झेल्डा समजतात, त्यांना कोणी तरी एकदा हे सांगायला हवे. रानावनात भटकायचे आणि मधूनमधून एखाद्या बंद वास्तूत शिरायचे, असा खेळ. ती वास्तू कधी गुहा असते, कधी देऊळ, कधी मनोरा, कधी चक्क एका अजस्र माशाचे पोट. आत कुलुपे असतात, किल्ल्या लपवलेल्या असतात, नकाशा आणि होकायंत्र शोधावे लागते, एखादे नवे अवजार मिळते आणि शेवटी एक मोठा राक्षस, ज्याला सगळे बॉस म्हणतात. ही वास्तू म्हणजे डंजन. मियामोतो लहानपणी क्योटोजवळच्या सोनोबे इथे राहायचे. तिथे सापडलेल्या एका गुहेत कंदील घेऊन शिरल्याची आठवण त्यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. झेल्डाच्या डंजनांचे मूळ शोधायचे तर ते त्या गुहेत आहे.

शब्द मात्र मोठा गमतीचा. मूळ फ्रेंच ‘दोंजों’ म्हणजे गडाचा मुख्य बुरूज, आपल्याकडचा बालेकिल्ला म्हणा. इंग्रजीत आल्यावर तो शब्द घसरत घसरत तळघरातल्या अंधारकोठडीपर्यंत पोचला. शब्दाचे जे झाले तेच लोकांनी वॉटर टेम्पलचे केले. वरचे नेऊन खाली बसवले.

‘तुला काय कळतंय यातलं?’ हा प्रश्न घरातूनच येतो, तेव्हा त्याचेही उत्तर देते. मुलाकडे अमेरिकेत दोनदा सहा-सहा महिने मुक्काम झाला. बाहेर बर्फ, मला गाडी चालवता येत नाही, आणि घरात नातवाचे नवे-जुने सगळे खेळ. वेळ घालवायला म्हणून बसले आणि मग बसलेच. खाली मी ज्या डंजनांना क्रमांक देणार आहे ती सगळी मी खेळले आहे. हाताला वेग नाही, त्यामुळे काही बॉस नातवाने मारून दिले. पण कोडी माझी मी सोडवली. शिवाय पस्तीस वर्षे शाळेत प्रश्नपत्रिका काढल्या आहेत. डंजन आणि प्रश्नपत्रिका या एकाच जातीच्या वस्तू आहेत हे मला पहिल्या आठवड्यातच कळले.

कसे ते सांगते. प्रश्नपत्रिका चांगली की वाईट हे ती सोपी की अवघड यावरून ठरत नाही. वर्गात जे शिकवले तेच तिने विचारले का, आणि विचारताना थोडे वळण देऊन विचारले का, यावरून ठरते. जसेच्या तसे विचारले तर ती पाठांतराची परीक्षा. न शिकवलेले विचारले तर तो अन्याय. या दोन्हींच्या मधली जी जागा आहे तिथे चांगला प्रश्न असतो, आणि तो काढणे फार कठीण असते. हे ज्याने कधी सहामाहीचा पेपर काढला आहे त्यालाच कळेल.

डंजनाचे अगदी हेच. फरक एवढाच की इथे शिकवणारा आणि विचारणारा एकच असतो आणि त्याला तोंड नसते. भिंती, दारे आणि पायऱ्या यांच्याकरवी त्याला सगळे शिकवावे लागते. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरायचे शिकवले होते, बाहेर पडायचे नव्हते. वाईट डंजन खेळणाऱ्याचा अभिमन्यू करते. चांगले डंजन बाहेर पडायची विद्या आतच ठेवते.

तेव्हा माझी पहिली कसोटी ही: शिकवले तेच विचारले का? दुसरी कसोटी वास्तूची आहे. काही डंजने म्हणजे खोल्यांची आगगाडी असते. एका डब्यातून दुसऱ्यात जायचे, मागचा डबा विसरायचा. काही डंजने मात्र एका वाड्यासारखी असतात. माडीवर काही हलवले तर त्याचा परिणाम माजघरात दिसतो. आगगाडी रचणे सोपे, वाडा रचणे अवघड.

आता या दोन कसोट्यांवर वॉटर टेम्पल लावून पाहू.

हायलिया नावाच्या तळ्याच्या तळाशी त्याचे दार आहे. तिथे जायला लोखंडी बूट घालून बुडावे लागते, आणि पाण्याखाली उभे राहून दारावरचे बटण हुकशॉटने टिपावे लागते. (हुकशॉट म्हणजे साखळीच्या टोकाला आकडा असलेले अवजार.) म्हणजे बूट घातले की बुडायचे, काढले की तरंगायचे, आणि पाण्याखाली आकडा चालतो, हा पहिला धडा दाराबाहेरच झाला. आत शिरल्यावर एक प्रचंड चौक, मधोमध मनोरा, चहूबाजूंना दारे, तीन मजले, आणि सगळे वरपर्यंत पाण्याने भरलेले. तळाशी रुटो नावाची राजकन्या भेटते. ती पुढे पोहत जाते आणि आपल्याला पहिल्या त्रिकोणी चिन्हापाशी नेऊन सोडते. तिथे ऑकरिनावर झेल्डाचे अंगाईगीत वाजवले की वास्तूतले पाणी खालच्या मजल्यापर्यंत उतरते. अशी तीन चिन्हे तीन ठिकाणी आहेत. एक पाणी तळाला नेते, एक मधल्या मजल्यापर्यंत आणते, एक पुन्हा वरपर्यंत चढवते.

बस्स, एवढाच नियम. संपूर्ण डंजन या एका नियमावर उभे आहे. पाणी खाली असले तर खालची दारे चालत गाठता येतात पण वरची हाताबाहेर जातात. पाणी वर असले तर वरच्या दारात पोहत जाता येते पण खालच्या काही गोष्टी पाण्यात बुडालेल्या राहतात. म्हणजे कुठल्याही दारापुढे उभे राहून नुसते ‘किल्ली आहे का?’ एवढे विचारून भागत नाही. ‘या क्षणी पाणी कुठे आहे, आणि ते कुठे असायला हवे होते?’ हे विचारावे लागते. पाणी हलवायला मुद्दाम त्या चिन्हापर्यंत जावे लागते, आणि तिथून परत येताना सगळी वास्तू बदललेली असते. तीन मजल्यांचे घर तीन वेगवेगळ्या अवस्थांत डोक्यात धरून ठेवायचे, हे काम आहे. वाड्याची कसोटी याहून चांगली उतरलेले डंजन मला एकच माहीत आहे, त्याचे नाव पुढे येईल.

लोक ज्या एका किल्लीपायी सर्वांत जास्त अडकतात ती किल्ली घ्या. मधल्या मनोऱ्याच्या आत पाणी मधल्या पातळीला आणले की तळाचा एक ठोकळा तरंगून वर येतो आणि त्याच्याखाली भोक उघडे पडते. त्या भोकात उतरले की किल्ली. वर जायच्या घाईत माणूस खाली बघत नाही आणि मग तासन् तास बाकीचे सगळे दरवाजे ठोठावत फिरतो. मी स्वतः तीन दुपारी फिरले. यावर लोकांचा आरोप असा की ही लबाडी आहे. मला विचाराल तर हा त्या पेपरातला सर्वांत प्रामाणिक प्रश्न आहे. पाणी चढले की काय काय बदलते ते पाहा, एवढेच सबंध डंजन पहिल्यापासून सांगत होते. ते इथे विचारले. उत्तर पायाखाली होते.

आणि मग ती काळ्या लिंकची खोली! दार उघडते तर छत नाही, भिंती नाहीत, सगळीकडे धुके आणि घोट्याएवढे पाणी, मध्ये एक वठलेले झाड. पाण्यात आपले प्रतिबिंब पडलेले असते. झाडापाशी जाऊन पुढे गेले की प्रतिबिंब नाहीसे होते, आणि मागे वळून बघावे तर झाडाखाली तेच उभे. आपलीच सावली, आपलीच तलवार. दिवसभर पाण्यात वावरणाऱ्याला पाण्यानेच असा धक्का द्यावा, याला मी रचना म्हणते. (तो नातवाने मारला. सांगितले होते, सांगेन म्हणून.)

मग एवढे चांगले आहे तर इतकी माणसे का चिडतात? चिडण्याचे कारण खरे आहे, ते मी नाकारत नाही. कारण आहे बूट. मूळ खेळात बूट घालायचे तर खेळ थांबवायचा, सामानाचा पडदा उघडायचा, त्यात बूट शोधायचे, निवडायचे, पडदा बंद करायचा. काढायचे तर पुन्हा तेच. आणि या डंजनात हे शेकड्याने करावे लागते. माणूस कंटाळणार नाही तर काय होईल? ‘ऑकरिना’ची डंजने रचण्यात ज्यांचा मोठा हात होता ते एइजी अओनुमा पुढे या मालिकेचे निर्माते झाले. त्यांनीही नंतर मुलाखतीत दिलगिरी व्यक्त केली ती बुटांच्या या घाल-काढीबद्दल. आणि २०११ साली हाच खेळ निन्टेन्डो थ्रीडीएस या छोट्या यंत्रावर नव्याने आला तेव्हा काय बदलले पाहा. बूट एका बटणावर आले, आणि पाण्याची चिन्हे कुठे आहेत ते कळावे म्हणून भिंतींवर रंगीत पट्टे आले. खोल्या त्याच, पाणी तेच, तीन पातळ्या त्याच, ठोकळ्याखालची किल्लीही तीच.

यातून काय दिसते? दोष बुटांच्या बटणात होता, वास्तूत नव्हता. प्रश्नपत्रिका पुसट छापली गेली म्हणून गणित वाईट ठरत नाही. छपाईवाल्याला बोला, हवे तितके बोला! पण गणिताचे गुण कापू नका. आणि पुढच्या वर्षी तोच पेपर स्वच्छ छापून आल्यावरही ‘वाईट पेपर, वाईट पेपर’ म्हणत राहणाऱ्याने तो पेपर वाचलेला नाही, एवढेच म्हणावे लागेल. २०११ नंतर लागलेल्या याद्यांतही वॉटर टेम्पल तळाला दिसते. ही मते नव्हेत, या नकला आहेत. एकाने वहीत चूक केली की अख्ख्या बाकावर तीच चूक उमटते, हे आम्ही शिक्षक लगेच ओळखतो.

इथे मला दर्जा आणि मजा यांच्यातली गल्लत दाखवायची आहे. सगळ्या याद्या एकच आकडा देतात. दहापैकी साडेसात, दहापैकी चार. त्या एका आकड्यात सगळे कोंबलेले असते: संगीत आवडले, बॉस सोपा होता, बूट त्रासदायक होते, त्या दिवशी ताप होता... मजा हा खेळणाऱ्याचा हिशोब आहे, दर्जा हा वास्तूचा. दोन्ही खरे आहेत, दोन्ही लिहावेत, पण दोन रकान्यांत. गणपतीच्या वर्गणीचा आणि घरखर्चाचा हिशोब एका पानावर मांडणाऱ्याला आपण काय म्हणतो?

‘अहो पण खेळ आहे तो, मजेसाठीच असतो!’ हा आमच्या चिरंजीवांचा आवडता युक्तिवाद. बरोबर आहे. पण मजा म्हणजे काय हे कोणी ठरवले? खेळताना प्रत्येक क्षणी गुदगुल्या होत राहणे म्हणजेच मजा असेल तर बुद्धिबळ कोणी खेळलेच नसते. कोडे सुटत नाही तोवरचा वेळ चिडचिडीचा असतोच. सुटल्यावर जे होते ते त्या चिडचिडीशिवाय होत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना भूमितीचा रायडर सुटला की ती बाकावरून उठायची, सोपे गणित सुटल्यावर कोणी उठलेले मी पाहिले नाही. कंटाळा वेगळा आणि अडणे वेगळे. बुटांनी कंटाळा आणला, पाण्याने अडवले. पहिल्याला दोष द्या, दुसऱ्याला देऊ नका.

दुसरा आक्षेप असा की मी शिक्षिका आहे म्हणून मला सगळीकडे परीक्षाच दिसते. दिसते खरी. पण सुतारालाच खुर्चीचा सांधा दिसतो, म्हणून सांधा नसतो असे होत नाही.

आता यातला जो भाग मला खरोखर लागला तो सांगते. आमच्या घरातली यादी नातवाने केली. बारा वर्षांचा आहे, हुशार आहे, यादी नीटनेटकी आहे, प्रत्येक डंजनापुढे गुण आणि कारण. वॉटर टेम्पलपुढे लिहिले होते, ‘सर्वांत वाईट.’ मी विचारले, ‘कुठे अडकलास रे?’ तर म्हणाला, ‘आजी, अडकलो नाही. सगळे म्हणतात ते वाईट आहे, म्हणून व्हिडिओ लावून पार केलं.’ एका पडद्यावर व्हिडिओ, दुसऱ्यावर खेळ. तो इकडे वळला की हा इकडे वळणार. त्याने पाणी पाहिले, बूट घातले-काढले, ठोकळ्याखाली उतरला, सगळे केले. आणि त्यातले काहीच केले नाही.

मी त्याच्यावर रागावले नाही. राग आहे तो यादीचा. आधी यादी सांगते की हे वाईट आहे, म्हणून मूल व्हिडिओ लावते. व्हिडिओ लावून खेळले की उरते फक्त बुटांची घाल-काढ, कारण विचार दुसऱ्याने केलेला असतो. मग ते मूल मनापासून म्हणते की हे वाईट आहे, आणि स्वतःची यादी करते. चक्र पुरे झाले. शाळेत गाईडांनी हेच केले. धडा कंटाळवाणा म्हणून गाईड घ्यायचे, गाईडातून वाचल्यामुळे धडा कंटाळवाणाच वाटायचा. पस्तीस वर्षे त्या अपेक्षित प्रश्नसंचांशी भांडले. निवृत्त झाल्यावर पाण्याखाली पुन्हा तेच भेटेल असे वाटले नव्हते!

कोणी म्हणेल, गाईड तर कंपनीनेच विकले. मान्य. निन्टेन्डोने १९८८ साली अमेरिकेत ‘निन्टेन्डो पॉवर’ नावाचे मासिकच काढले होते, त्यात नकाशे आणि युक्त्या असत. अडल्यावर सूचना घेणे यात गैर काहीच नाही. भिंतीवरचा रंगीत पट्टा ही सूचना आहे. आम्हीसुद्धा ‘दुसरी बाजू पाहा’ असे फळ्यापाशी उभे राहून सांगायचो. पण सूचना अडल्यावर घ्यायची असते आणि व्हिडिओ अडण्याच्या आधीच लावला जातो. पुस्तक पुन्हा वाचता येते, गाणे पुन्हा ऐकता येते, उलट दुसऱ्यांदा जास्त गोडी लागते. कोडे मात्र पहिल्यांदा एकदाच सुटते. उत्तर एकदा कळले की ते न कळलेले करता येत नाही. माझ्या नातवाला वॉटर टेम्पल आता कधीच पहिल्यांदा भेटणार नाही. एका निष्काळजी यादीने त्याचे तेवढे घेतले. ‘खेळ आहे तो’ म्हणून हे मला सोडून देता येत नाही.

नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे, म्हणून माझी यादी देते. सात डंजने, दोन रकाने. आधी दर्जा.

१. स्टोन टॉवर टेम्पल (‘मेजोराज मास्क’, २०००). पहिल्यांदा सगळे देऊळ सरळ चालून पाहायचे. मग बाहेर येऊन एका चिन्हावर प्रकाशाचा बाण मारला की अख्खी वास्तू उलटी होते. छताची जमीन होते आणि पायाखाली आकाश येते. आधी मान वर करून जे निरर्थक म्हणून पाहिले होते तेच आता चालायचा रस्ता. वाड्याच्या कसोटीत वॉटर टेम्पलच्या वर ठेवले ते हेच.

२. वॉटर टेम्पल. कारणे दिली. बॉस अगदीच सामान्य आहे म्हणून एक क्रमांक गेला म्हणा.

३. ईगल्स टॉवर (‘लिंक्स अवेकनिंग’, १९९३, २०१९ मध्ये नव्या रूपात). लोखंडी गोळा उचलून नेऊन चार खांब फोडायचे, की वरचा मजला खालच्यावर येऊन बसतो. हे मुळात गेम बॉयच्या तळहाताएवढ्या पडद्यावर केले होते!

४. फॉरेस्ट टेम्पल (‘ऑकरिना’च). चार भूत-बहिणींनी चार मशाली पळवलेल्या, त्या परत आणल्याशिवाय मधला पाळणा चालत नाही. बहिणी तसबिरींत लपतात, आणि शेवटचा बॉसही तसबिरींतूनच घोडा दौडवत येतो. शिकवले तेच विचारले.

५. एन्शंट सिस्टर्न (‘स्कायवर्ड सोर्ड’, २०११). वर स्वच्छ पाणी, कमळाची पाने आणि बुद्धमूर्तीची आठवण करून देणारी सोनेरी मूर्ती. खाली काळोख आणि हाडे. खालून वर यायला एक दोरा, आणि मागून लटकत येणारे सांगाडेवजा जीव. अकुतागावा यांची १९१८ सालची ‘कोळ्याचा धागा’ ही जपानी कथा ज्याने वाचली आहे त्याला दुसरे काही सांगायला नको. तिथे नरकात पडलेल्या चोरासाठी बुद्ध वरून कोळ्याचा एक धागा सोडतो. खेळात हे कुणी बोलून दाखवत नाही, आपण फक्त चढत असतो.

६. स्नोपीक रुइन्स (‘ट्वायलाइट प्रिन्सेस’, २००६). कोडी साधारण, पण जागा अपूर्व. बर्फातला पडका वाडा, त्यात एक अवाढव्य हिममानव आणि त्याची आजारी बायको. ती नकाशावर किल्लीची जागा सांगते, तिथे जाऊन पाहावे तर भोपळा! पुन्हा सांगते, तर चीज! नवरा तो भोपळा आणि चीज सुपात घालत जातो आणि सूप अधिकाधिक ताकदीचे होत जाते.

७. टेम्पल ऑफ द ओशन किंग (‘फँटम अवरग्लास’, २००७). खेळभर पुन:पुन्हा याच देवळात यायचे, घड्याळाच्या वाळूवर जीव मुठीत धरून तेच मजले पुन्हा उतरायचे. मधले रस्ते मिळतात, तरी तेच ते. हा धडा दहा वेळा लिहून आण म्हणण्याचा प्रकार झाला. विशेष म्हणजे २००९ च्या पुढच्याच खेळात, ‘स्पिरिट ट्रॅक्स’मध्ये, पुन:पुन्हा यायचा मनोरा ठेवला पण झालेले मजले परत करायला लावले नाहीत. म्हणजे दोष त्यांनाही कळला होता.

आता मजा: स्नोपीक, फॉरेस्ट, सिस्टर्न, ईगल्स टॉवर, स्टोन टॉवर, वॉटर टेम्पल, ओशन किंग. बघा, माझ्याही मजेच्या रकान्यात वॉटर टेम्पल शेवटून दुसरे आहे! त्या घाल-काढीत मला मजा आली असे मी कधी म्हटलेच नाही. स्नोपीक दर्जात सहावे आणि मजेत पहिले, कारण त्या हिममानवाच्या घरात मला पाहुणी गेल्यासारखे वाटले. एका आकड्यात हे कसे सांगणार? आणि दोन्ही रकान्यांत तळाला आहे ते ओशन किंगचे देऊळ. वाईट डंजन हवेच असेल तर ते घ्या. त्याची बाजू मांडायला मी येणार नाही.

शेवटी एक गोष्ट. २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये मोठी डंजने जवळजवळ गेली. चार यांत्रिक प्राणी आले आणि एकशेवीस छोटी छोटी देवालये आली, एकेक कोड्याची. खेळ सुंदर आहे, मी तासन् तास त्यात नुसती डोंगर चढत बसते. पण ती देवालये म्हणजे ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’. २०२३ च्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’मध्ये देवळे परतली, तरी छोटी देवालये वाढून एकशेबावन्न झाली. याद्यांमुळे असे झाले असे मी म्हणत नाही, कंपन्या काय विचार करतात ते कंपन्यांना माहीत. पण जिथे अडायला होते त्याला वाईट म्हणायची सवय सगळ्यांनाच लागली तर ‘सविस्तर उत्तरे लिहा’ हा प्रश्न कोण कशाला काढेल? शाळेच्या पेपरांतून तो कसा आक्रसत गेला ते मी पाहिले आहे.

असो. पुतणे-भाचे मंडळींना विनंती एवढीच की पुढची यादी कराल तेव्हा दोन रकाने आखा, आणि जे डंजन व्हिडिओ लावून पार केले त्यापुढे गुण न लिहिता ‘गैरहजर’ लिहा. धाकट्या नातीने अजून ‘ऑकरिना’ सुरू केलेला नाही. तिच्यासमोर वॉटर टेम्पलबद्दल कोणीही एक शब्द काढायचा नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही. हा लेखही तिला इतक्यात दाखवू नका. आणि माझ्याशी भांडायचे असेल त्यांनी जरूर भांडावे, पण आधी ते देऊळ कोणाच्या मदतीशिवाय पूर्ण करून यावे. घाई नाही, मी घरीच असते.